प्रेम सुरू झाले की तपास थांबतो: हौशी शोधक आणि पोलीस अधिकारी यांच्या समलिंगी प्रेमकथेविषयी एक प्रश्न

पानगळ

नमस्कार. मी लिहीत असलेल्या एका कादंबरीविषयी येथील रहस्यकथा वाचणाऱ्यांचा आणि लिहिणाऱ्यांचा सल्ला हवा आहे. कादंबरी कोझी प्रकारातली आहे. खून होतो, पण रक्ताचा सडा नाही. गुन्हा एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांच्या लहान वर्तुळात घडतो. आणि तो उलगडणारा मनुष्य पोलीस खात्यातला नसतो. एका जुन्या ग्रंथालयातील दुर्मीळ ग्रंथांच्या दालनात एक संग्राहक शिडीखाली मरून पडलेला आढळतो. एका दिवंगत लेखकाची, १९३१ सालची म्हणून सांगितली जाणारी रोजनिशी तो ग्रंथालयाला देणगी म्हणून देणार होता. हा अपघात नाही हे सर्वांत आधी ग्रंथालयाच्या बाइंडरच्या, म्हणजे पुस्तकांची बांधणी आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या, लक्षात येते, कारण मृताच्या हाताशी पडलेले पुस्तक ज्या फळीवर असायला हवे तिथपर्यंत पोहोचण्यासाठी शिडीची गरजच नसते. बाइंडर चाळिशीतला, एकटा राहणारा, बोलका. तपासावर आलेला पोलीस अधिकारी त्याच वयाचा आणि मितभाषी. दोघेही पुरुष, दोघेही समलिंगी, आणि कादंबरीच्या अखेरीस ते एकत्र येतात. पात्रांची नावे मी अजून बदलतो आहे, म्हणून येथे बाइंडर आणि अधिकारी असेच म्हणतो.

पहिला खर्डा पूर्ण झाला आहे आणि त्यातला दोष मला स्पष्ट दिसतो, उपाय मात्र दिसत नाही. पूर्वार्धात तपास चांगला चालतो आणि त्या काळात प्रेमकथा झोपलेली असते. मध्यावर दोघे एकमेकांकडे ओढले जातात आणि त्या क्षणापासून तपास झोपतो. प्रेमाचे प्रसंग मला स्वतःला आवडतात, परंतु त्यातला कोणताही प्रसंग काढून टाकला तरी खुनाच्या उकलीत काहीही फरक पडत नाही, आणि उकलीतला कोणताही दुवा काढला तरी प्रेमकथा अबाधित राहते. खर्डा वाचणाऱ्या एका मित्राने प्रेम कमी करण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्याने नेमका उलट.

मला प्रामुख्याने तीन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. या दोघांच्या मार्गातला अडथळा म्हणून त्यांचे समलिंगी असणे वापरावे का? सध्या तसेच आहे: अधिकाऱ्याने खात्यात कोणालाही सांगितलेले नाही आणि तो घाबरून मागे सरतो. दुसरे म्हणजे, एखादा जबाबदार पोलीस अधिकारी एका बाइंडरला तपासाची माहिती का देईल, हे मला पटेल असे लिहिता आलेले नाही. खर्ड्यात तो केवळ प्रेमात पडल्यामुळे सांगत सुटतो. आणि तिसरे, प्रेमकथेच्या वाचकांना दोघांचीही मने आतून वाचायला आवडतात, म्हणून मी एकाआड एक प्रकरण दोघांच्या दृष्टिकोनातून लिहिले आहे. परंतु त्यामुळे रहस्य सैल पडते आहे असा संशय येतो.

तर्कदुष्ट

तुम्ही दोष अचूक सांगितला आहे, त्यामुळे उपायाकडे थेट जाता येईल. तुमच्या कादंबरीत दोन कथा आहेत आणि त्या एकाच छपराखाली राहणाऱ्या अबोल भाडेकरूंसारख्या आहेत: जिन्यात भेटतात, पण एकाचे दुसऱ्यावाचून काही अडत नाही. माझ्या मते प्रेमातला अडथळा तपासातूनच आला पाहिजे, आणि तपासातला अडथळा प्रेमातून. बाहेरून आणलेला कोणताही अडथळा, मग तो खात्यातली भीती असो वा जुना प्रियकर, हा सांधा जोडू शकणार नाही.

हा प्रश्न नवा नाही. १९२८ साली एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकी रहस्यकथाकाराने गुप्तहेरकथेचे २० नियम प्रसिद्ध केले, त्यातला तिसराच नियम प्रेमकथेला मज्जाव करतो. गुन्हेगाराला न्यायासनासमोर उभे करणे हे काम असताना विरही जोडप्याला बोहल्यावर चढवण्याच्या भानगडीत पडू नये, असा त्याचा आशय आहे. त्याच वर्षी इंग्रज रहस्यकथाकार डोरोथी सेयर्स यांनीही एका कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत गुप्तहेरकथेत प्रेम जितके कमी तितके बरे, असे मत मांडले. गंमत अशी की अवघ्या दोन वर्षांनी, १९३० मध्ये, याच बाईंनी आपल्या नायकाला खुनाच्या आरोपाखाली न्यायालयात उभ्या असलेल्या स्त्रीच्या प्रेमात पाडले. तो तिला फाशीपासून वाचवतो, मागणी घालतो आणि ती नाही म्हणते. तिचा होकार १९३५ च्या कादंबरीत येतो. इतका उशीर लागण्याचे मुख्य कारण पाहण्यासारखे आहे: ज्याने आपला जीव वाचवला त्याच्याशी उपकाराच्या ओझ्याखाली लग्न केले तर ते बरोबरीचे नाते राहणार नाही, असे तिला वाटते. म्हणजे जी उकल त्यांना एकत्र आणते तीच त्यांना दूरही ठेवते. असा अडथळा ना समाजातून आणावा लागतो, ना योगायोगातून.

आता तुमच्या बाइंडरकडे पाहू. तुमच्या मांडणीत तो पहिल्या दिवसापासून अधिकाऱ्याचा मदतनीस आहे, आणि बहुधा इथेच घोळ आहे. मृताच्या हाताशी चुकीचे पुस्तक आहे हे ज्याला कळते तो मनुष्य त्या दालनाचा जाणकार असतो, आणि दालनाचा जाणकार हा पोलिसांच्या दृष्टीने प्रथम संशयित असतो, सल्लागार नव्हे. त्याला निदान काही काळ संशयित राहू द्या. शिवाय त्याच्याकडे लपवण्यासारखे काहीतरी द्या, आणि ते स्वार्थाचे नसून निष्ठेचे असू द्या. समजा, ज्या वृद्ध ग्रंथपाल बाईंनी त्याला हे काम शिकवले त्यांनीच ती रोजनिशी नोंदवहीत न लिहिता त्याच्याकडे दुरुस्तीला आणली होती. त्या निर्दोष आहेत असा त्याचा विश्वास आहे, पण हे सांगितले तर संशय त्यांच्यावर जाईल हेही त्याला ठाऊक आहे. अधिकाऱ्याला इतकेच जाणवते की हा मनुष्य सगळे सांगत नाही.

एवढे केले की दोघांमधला प्रत्येक संवाद दोन कामे करू लागेल. ‘त्या संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?’ हा प्रश्न जबाबातलाही राहील आणि त्याखेरीजही काही विचारील. बाइंडरने खरे सांगण्याचा क्षण हा तपासातला मोठा दुवा ठरेल, आणि प्रेमातली पहिली खरी कबुलीही तीच असेल. ‘तुम्ही मला आवडता’ हे त्यानंतर कितीतरी सोपे वाक्य आहे. त्या कबुलीनंतर अधिकाऱ्याने काय करायचे हा पेचही आपोआप उभा राहतो, कारण प्रिय व्यक्तीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याला कागदावर आणावीच लागेल. माझे मत विचाराल तर त्याने ती आणावी. बाइंडर दुखावला जावा, वाचकही क्षणभर अधिकाऱ्यावर रुष्ट व्हावा, आणि पुढे त्याच नोंदीमुळे ग्रंथपाल बाई निर्दोष ठराव्यात. सुटकेचा मार्ग त्याच्या प्रामाणिकपणातून निघाला तर बाइंडरला त्याच्याकडे परतण्याचे सबळ कारण मिळते.

दृष्टिकोनाबद्दल तुमचा संशय रास्त आहे. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली मांडलेल्या गुप्तहेरकथेच्या १० नियमांपैकी पहिला असा आहे की गुन्हेगार कथेत लवकर दिसला पाहिजे, पण ज्याच्या मनातले विचार वाचकाला वाचायला मिळाले आहेत असा तो नसावा. या नियमांतले काही आज हास्यास्पद वाटतात, हा मात्र अजूनही शाबूत आहे. तुम्ही दोघांचीही मने उघडी केलीत की दोघेही वाचकाच्या लेखी संशयमुक्त होतात. हे नुकसान तसे फार नाही, कारण प्रेमकथेचा नायक खुनी निघणार नाही हे वाचकाने मुखपृष्ठावरूनच ओळखलेले असते. खरे नुकसान वेगळे आहे: अधिकाऱ्याच्या मनात शिरलात की त्याला ठाऊक असलेला शवविच्छेदन अहवाल वाचकापासून लपवणे ही लबाडी ठरते. तेव्हा पूर्वार्ध केवळ बाइंडरच्या दृष्टीने लिहा. अधिकारी बाहेरून दिसू द्या, मितभाषी मनुष्य बाहेरूनच अधिक आकर्षक वाटतो. कबुलीनंतर, जेव्हा दोघांकडची माहिती समान होते, तेव्हा अधिकाऱ्याचे पहिले प्रकरण येऊ द्या. वाचकाला इतका वेळ बंद असलेले दार उघडल्याचा आनंद मिळेल आणि कुणाची फसवणूकही होणार नाही.

न्यायमंजिरी

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडे लिहिते, कारण फौजदारी खटल्यांचे कागद हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे आणि रहस्यकथांतले पोलीस ज्या सहजतेने गुपिते वाटतात ते वाचून मला हसू आवरत नाही.

तपासी अधिकाऱ्याचे साक्षीदाराशी जवळचे नाते जुळणे ही जवळजवळ कोणत्याही देशात गंभीर बाब असते, आणि ती स्त्री-पुरुषांच्या बाबतीतही तितकीच गंभीर असते. बचाव पक्षाचा वकील उलटतपासणीत पहिला घाव तिथेच घालील: संशयितांच्या यादीतून या गृहस्थाचे नाव कधी वगळले आणि का वगळले? त्या एका प्रश्नाने सबळ पुरावाही डळमळतो. म्हणून अधिकारी मागे सरतो याला खात्यातल्या भीतीची गरज नाही, कर्तव्याचे कारण पुरेसे आहे आणि ते अधिक सन्माननीयही आहे. त्याच्यासमोर दोनच सरळ वाटा असतात. वरिष्ठांना सांगून तपासातून बाजूला व्हायचे, किंवा खटला उभा राहीपर्यंत अंतर राखायचे. तिसरी वाट म्हणजे लपवणे, आणि ती निवडली तर त्याचे परिणाम कादंबरीत दाखवावे लागतील. कोझी प्रकारातही ते टळत नाहीत. मला वैयक्तिकरीत्या पहिली वाट कादंबरीसाठी फार उपयोगी वाटते. तो तपास सोडतो, नवा अधिकारी येतो, तो नवा मनुष्य ग्रंथपाल बाईंना ताब्यात घेण्याच्या बेतात असतो, आणि आता आपला अधिकारी बाइंडरइतकाच हौशी झालेला असतो.

माहिती बाहेर कशी पडते, याचे उत्तर अधिक रंजक आहे. कसलेला अधिकारी सांगत काही नाही, तो विचारतो. परंतु प्रश्नातूनच माहिती फुटते. ‘या दालनात अतिनील प्रकाशाचा दिवा कोणाकडे असतो?’ असे त्याने विचारले, की त्याला रोजनिशीवर संशय आहे हे चाणाक्ष बाइंडरला कळलेच. तुमचा नायक प्रश्नांवरून उत्तरे ओळखणारा असू द्या, म्हणजे अधिकाऱ्याच्या सचोटीला धक्का लागणार नाही. त्याखेरीज तज्ज्ञाचे मत घेण्याची वाटही खुली असते. संशयितावरील संशय फिटल्यानंतर त्याच्याकडून कागद आणि बांधणीविषयी मत घेता येईल, पण खटल्यात मांडण्यासाठी त्या मताची पुष्टी एखाद्या त्रयस्थ तज्ज्ञाकडून किंवा प्रयोगशाळेकडून झालेली बरी.

आता त्या मतात काय असावे, हेही सुचवते. कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात घातली जाणारी आणि अतिनील प्रकाशात निळसर चमकणारी रसायने कागदनिर्मितीत साधारण १९५० नंतर रूढ झाली. १९३१ सालच्या म्हणवल्या जाणाऱ्या रोजनिशीचे एखादे पान चमकले, तर ते पान नंतरचे असल्याची शंका बळावते. उलट, न चमकल्याने मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण ती रसायने नसलेला कागद पुढेही बनत राहिला. हा फरक तुमच्या कथेत फार कामाला येईल: खोटी पाने तयार करणारा हुशार असेल तर तो जुन्या नोंदवह्यांतली कोरी पाने फाडून वापरील, कागद परीक्षेत उत्तीर्ण होईल आणि पोलीस समाधानी होतील. बाइंडरचे समाधान मात्र पाठीच्या कण्याशी, म्हणजे शिवणीच्या दोऱ्याशी आणि गोंदाशी अडेल. पीव्हीए हा पांढरा कृत्रिम गोंद बांधणीच्या कामात विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास आला. त्याआधी सरस किंवा खळ वापरत. पाने जुनी, शाई जुन्या पद्धतीची, पण त्यांना एकत्र धरणारा गोंद नवा, हा सुगावा प्रयोगशाळेला नंतर सापडेलही, पण आधी तो बाइंडरच्या बोटांना जाणवेल. हौशी शोधक पोलिसांपेक्षा हुशार असण्याची आवश्यकता नसते, त्याला एखादी गोष्ट त्यांच्यापेक्षा जवळून ठाऊक असली की पुरते.

एक सूचना मात्र कळकळीची. बाइंडरने पुरावा उचलून घरी नेऊ नये. मुद्देमाल कोणाच्या ताब्यातून कोणाकडे गेला याची नोंद तुटली की त्या वस्तूचे न्यायालयातले वजन घटते, आणि तुमच्या अधिकाऱ्याला हे ठाऊक असणारच. हवे तर त्यांचे पहिले खरे भांडण यावरूनच होऊ द्या.

पानगळ

दोघांचेही मनापासून आभार. बाइंडरला संशयित ठेवण्याची कल्पना इतकी सरळ आहे की ती खर्ड्याच्या आधीच सुचायला हवी होती असे वाटते. ग्रंथपाल बाईंचे पात्र कादंबरीत आधीपासून आहे, त्यामुळे तो बदल फारसा कठीण जाणार नाही.

यातून खुनाच्या हेतूविषयी एक शंका उभी राहते. सध्याच्या खर्ड्यात तो मृत संग्राहक ब्लॅकमेल करणारा आहे. रोजनिशीत त्या दिवंगत लेखकाचे एका पुरुषाशी असलेले प्रेम उघड होते, तो पुरुष अजून हयात आहे, वृद्ध आहे, ग्रंथालयाचा विश्वस्त आहे, आणि तोच खुनी ठरतो. भूतकाळातले एक जोडपे आणि वर्तमानातले एक जोडपे अशी रचना मला आकर्षक वाटली होती, परंतु आता ती टिकेल का?

सावलीतले ऊन

मी या प्रकारच्या कादंबऱ्या बऱ्याच वाचल्या आहेत आणि मी स्वतः समलिंगी वाचक आहे, म्हणून हेतूविषयी जरा स्पष्ट लिहितो.

आधी कालगणना तपासा. १९३१ साली जो तरुण होता तो आज हयात असू शकत नाही, त्यामुळे एकतर कथा काही दशके मागे न्यावी लागेल किंवा रोजनिशी पुढे आणावी लागेल. आणि रोजनिशी १९५० च्या पुढे आणली तर वर सुचवलेला कागदाचा आणि गोंदाचा सुगावा निकामी होतो. हा एक हिशेबच तुमचा निर्णय बराचसा करून टाकतो.

ब्लॅकमेलला मोठा इतिहास आहे, हे नाकारत नाही. ब्रिटनमध्ये १८८५ साली झालेल्या कायद्याच्या ज्या कलमाने पुरुषांमधले संबंध सरसकट गुन्हा ठरवले, त्याला ब्लॅकमेल करणाऱ्यांची सनद असेच म्हटले जाई, कारण पीडित मनुष्य पोलिसांकडे गेला तर तोच तुरुंगात जाण्याची शक्यता होती. इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रौढांमधल्या खाजगी संबंधांपुरता तो कायदा १९६७ साली शिथिल झाला. भारतात कलम ३७७ बाबत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१८ साली आला. अशा कायद्यांच्या छायेत लिहिलेल्या रहस्यकथेत ब्लॅकमेल हा हेतू अपरिहार्यच होता. तुमची कथा त्या काळात घडत असेल तर तो वापरा, पण मग तुमचा अधिकारी हा त्या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या यंत्रणेचा माणूस असेल, दर प्रकरणात त्याला त्याचे उत्तर द्यावे लागेल, आणि कादंबरीतली ऊब टिकवणे जवळजवळ अशक्य होईल. आजच्या काळातली कथा असेल तर हा हेतू शिळा वाटतो.

माझा मुख्य आक्षेप मात्र काळाविषयी नाही. तुमच्या रचनेत नायकांव्यतिरिक्त दोनच समलिंगी पात्रे आहेत: एक मेलेला आणि एक खुनी. आमच्यासारख्या वाचकांनी हे इतक्या वेळा पाहिले आहे की पन्नासाव्या पानापर्यंत खुनी ओळखू येतो. जो मनुष्य आयुष्यभर लपून राहिला त्यानेच अखेरीस खून करायचा, आणि त्याला पकडून देणाऱ्या जोडप्याने सुखी व्हायचे, हे चित्र तुमच्या मनात नसलेला अर्थ सांगून जाते. वाचकाने कोझी कादंबरी हाती घेताना एक आश्वासन गृहीत धरलेले असते की गोंधळ निस्तरला जाईल आणि ज्यांच्यावर आपण जीव लावला ते सुरक्षित राहतील. समलिंगी वाचकाला त्या आश्वासनाचे मोल जरा जास्तच आहे. येथे कोणालाही प्रेम केल्याची शिक्षा मिळणार नाही, एवढे त्याला पहिल्या पानापासून जाणवले पाहिजे.

म्हणून माझी सूचना अशी की रोजनिशीतले प्रेम खरे असू द्या, आणि खोटी पाने ते प्रेम पुसण्यासाठी घातलेली असू द्या. लेखकाच्या कीर्तीवर ज्याची मिळकत आणि प्रतिष्ठा उभी आहे अशा कोणीतरी, उदाहरणार्थ चरित्रकार म्हणून नाव कमावलेल्या गृहस्थाने, मूळ पाने काढून त्याजागी निरुपद्रवी पाने शिवली. संग्राहकाला ते उमगले आणि तो ते जाहीर करणार होता. हेतू लोभाचा आणि अहंकाराचा झाला, जो कोझी प्रकाराला शोभतो. मृत मनुष्य सज्जन ठरला. आणि मूळ पाने कुठेतरी शिल्लक असतील, तर ती सापडणे हा उकलीचा भागही होईल आणि त्या दोघांनी एकत्र वाचण्याची गोष्टही. भूतकाळातल्या जोडप्याची तुमची आवडती रचना यात अबाधित राहते.

खात्यातल्या गुप्ततेबद्दल: अधिकारी समलिंगी आहे हे त्याच्या सहकाऱ्यांना ठाऊक असणे आणि त्याचे कोणाला विशेष काही न वाटणे, हे लिहायला कठीण मानले जाते, पण तसे नाही. अमेरिकी कादंबरीकार जोसेफ हॅन्सन यांनी १९७० सालीच डेव्ह ब्रँडस्टेटर हा विम्याच्या दाव्यांची चौकशी करणारा नायक उभा केला. तो समलिंगी आहे आणि त्याविषयी त्याला संकोच नाही. त्या कादंबऱ्या कोझी मुळीच नव्हेत, चांगल्या कणखर आहेत, पण नायकाची लैंगिकता हे कोडे नसून वस्तुस्थिती आहे ही बाब तेव्हाच सिद्ध झाली होती. एखाद्या हवालदाराने ‘साहेब, ते बाइंडर तुम्हाला विचारत होते’ असे सहज म्हणून हसू दाबावे, एवढ्याने काम भागते.

शरीरसंबंधांच्या वर्णनाबाबत तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो, कारण पुढे तो प्रश्न येईलच. कोझी प्रकारात शयनगृहाचे दार सहसा वाचकासाठी बंद होते आणि त्यात वावगे काही नाही. मात्र जितके स्त्री-पुरुषांच्या कथेत दाखवले असते तितके निश्चित दाखवा. दोन पुरुष एकमेकांचा हातही धरत नाहीत अशी कादंबरी प्रकाराच्या मर्यादेमुळे तशी झाली, की लेखकाच्या संकोचामुळे, हे आम्हाला लगेच कळते.

उंबरठा

वरील सूचना उत्तम आहेत, पण एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. तर्कदुष्ट यांनी कबुलीनंतर अधिकाऱ्याचा दृष्टिकोन उघडण्यास सुचवले आहे. माझ्या मते तो उघडूच नये. ज्या क्षणी आपण अधिकाऱ्याच्या मनात शिरतो त्या क्षणी तो बाइंडरवर किती प्रेम करतो हे आपल्याला कळते, आणि त्यानंतर त्याने नोंद कागदावर आणल्याचा घाव बोथट होतो. शिवाय या कादंबरीचे दुसरे रहस्य म्हणजे हा मितभाषी मनुष्य आहे. त्याचे मन बाइंडरने गोंद ओळखावा तसे खुणांवरून ओळखावे: त्याने परत केलेल्या पुस्तकात ठेवलेली खूण, जबाब घेताना त्याने न विचारलेला एक प्रश्न. प्रेमकथेच्या वाचकांना दोन्ही मने हवी असतात हे खरे असले, तरी एकाच्याच नजरेतून लिहिलेल्या प्रेमकथाही त्यांनी वर्षानुवर्षे आवडीने वाचल्या आहेत.

शेवटाच्या क्रमाबद्दलही आधीच ठरवा. खुनी पकडला जाणे आणि दोघांनी एकत्र येणे या दोन गोष्टी एकाच प्रकरणात कोंबू नका. संकटात सापडलेल्या बाइंडरला अधिकाऱ्याने वाचवायचे आणि तिथेच मिठी मारायची, हा शेवट अनेकदा वाचलेला आहे आणि त्यात सेयर्स यांच्या नायिकेने घेतलेला आक्षेपही लागू पडतो. उकल आधी संपवा. आरोपपत्र दाखल होऊ द्या. मग एक संपूर्ण प्रकरण असे द्या ज्यात त्यांना भेटण्यासाठी तपासाचे कोणतेही निमित्त उरलेले नाही.

तर्कदुष्ट

उंबरठा यांचा दृष्टिकोनाविषयीचा युक्तिवाद मला मान्य आहे, विशेषतः नोंदीच्या घावाबद्दलचा. एक अपवाद तरीही सुचवतो: अधिकाऱ्याचे मन न उघडता त्याचे कागद दाखवता येतील. त्याने तपास सोडताना वरिष्ठांना दिलेला अर्ज जसाच्या तसा छापा. त्यात शासकीय भाषेत, कर्तरी प्रयोग टाळून, ‘सदर साक्षीदाराशी वैयक्तिक स्वरूपाचे संबंध निर्माण झाले असल्याने’ असे एक वाक्य असेल. बाइंडरच्या हाती तो अर्ज केव्हा आणि कोणामार्फत पडतो हे तुम्ही ठरवा, परंतु ग्रंथपाल बाईंमार्फत पडला तर त्यांनाही शेवटी काहीतरी करायला मिळेल.

पुढे मालिका करण्याचा विचार असेल, तर या दोघांचे एकत्र येणे पुढच्या भागासाठी राखून ठेवू नका. एकत्र आल्यानंतर नव्या गुन्ह्यात कोण कोणाला काय सांगू शकतो, हा पेच अविवाहितांपेक्षा एका घरात राहणाऱ्यांसाठी अधिक तिखट असतो.

पानगळ

चरित्रकाराचा हेतू आणि अर्ज या दोन्ही गोष्टी घेतो आहे. विश्वस्तांना खुनातून मुक्त करून ग्रंथालयाच्या कारभारापुरते ठेवतो. एकच गोष्ट अजून सुटलेली नाही: मूळ पाने चरित्रकाराने नष्ट का केली नसावीत? यावर कोणाला काही सुचल्यास अवश्य लिहावे.

सावलीतले ऊन

कारण तो चरित्रकार आहे. ज्या लेखकावर त्याने उभे आयुष्य घालवले त्याच्या हस्ताक्षरातला कागद त्याच्या हातून जाळला जाणार नाही. ती पाने त्याने दुसऱ्या एखाद्या पुस्तकाच्या बांधणीत, पुठ्ठ्याच्या अस्तराखाली दडवली असतील, आणि ते पुस्तक दुरुस्तीसाठी बाइंडरच्या टेबलावर येण्यास फार वेळ लागू नये.